उतरायचं कुठे?

(स्नेहमेळाव्याच्या दुसऱ्या दिवशी, सकाळच्या सत्रात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला वीस मिनिटं दिली आहेत आणि विषय दिला आहे, ‘विमानातल्या गमतीजमती’. गमतीजमती भरपूर आहेत, पण त्या काल रात्री सोलकढीबरोबर सांगून संपल्या. शिवाय काल जेवताना आपल्या सायन्सच्या बाईंनी मला एक प्रश्न विचारला. त्या म्हणाल्या, "इंजिन बंद पडलं तर काय करतोस ते सगळेच विचारतात रे. तू मला हे सांग, उतरायचं कुठे हे तू ठरवतोस कसं?" बाई, चौतीस वर्षं विमान चालवलं, पण हा प्रश्न इतक्या नेमकेपणाने प्रवाशांपैकी कुणी विचारला नव्हता. तेव्हा आज गमतीजमती बाजूला ठेवून बाईंच्या प्रश्नाचं उत्तर देतो. चुकलं तर बाईंनी नेहमीसारखं बाकावर उभं करावं.

आधी एक गैरसमज काढून टाकू. इंजिन बंद पडलं म्हणजे विमान दगडासारखं खाली येत नाही. ते घसरगुंडीसारखं पुढे जात जात खाली येतं. आम्ही ज्या छोट्या सेसना विमानावर शिकलो, ते तीन हजार फुटांवरून इंजिनाशिवाय साधारण आठ किलोमीटर पुढे जाऊ शकतं, वारा नसेल तर. म्हणजे मालवणच्या धक्क्यावर डोक्यावर इंजिन थांबलं तर चौके गाठता येईल, कुडाळ नाही. एवढंच गणित. पण हे गणित करायला मिळणारा वेळ असतो पाचेक मिनिटांचा, आणि त्यातली पहिली काही सेकंदं माणूस ‘हे खरंच होतंय का’ यातच घालवतो.

मी १९८३ साली जुहूला फ्लाइंग क्लबमध्ये शिकायला लागलो. माझे इन्स्ट्रक्टर फार कमी बोलायचे. खाडीपलीकडे, अलिबागच्या बाजूला भातशेतांवरून जात असताना ते काही न सांगता थ्रॉटल मागे ओढायचे. इंजिनाचा आवाज एकदम मंद. आणि मग एकच शब्द, "कुठे?" मी इकडेतिकडे बघायला लागलो की ते म्हणायचे, "आता शोधतोयस? मघाशीच शोधून ठेवायचं होतं." त्यांची अपेक्षा अशी की उडत असताना, सगळं ठीक असताना, दर दोन-तीन मिनिटांनी मनात एक जागा ठरलेली असली पाहिजे. आता हे शेत. हे मागे पडलं, आता ते पटांगण. ही सवय मला इतकी लागली की अजूनही एसटीने कणकवलीहून येताना मी खिडकीतून शेतं बघतो आणि बायको म्हणते, "उतरलात का?"

चला, तुम्हाला एकदा मालवणवरून फिरवून आणतो. समजा छोटं विमान आहे, आपण दोघं-तिघं आत आहोत, तीन हजार फुटांवर, आणि इंजिन थांबलं. खाली काय दिसतं?

पहिल्यांदा नजर जाते सड्यावर. वरून बघितलं तर सडा म्हणजे देवानेच करून ठेवलेली धावपट्टी वाटते. सपाट, मोकळा, झाड नाही. पण आपण इथले, आपल्याला ठाऊक आहे तिथे काय असतं. कातळात खड्डे असतात, गडगे असतात, आणि गेल्या तीस-चाळीस वर्षांत चिरेखाणींनी जागोजाग उभ्या भिंतींचे चौकोनी खड्डे पाडलेत. पावसाळ्यानंतर गुडघाभर गवत वाढलं की वरून गडगा दिसतच नाही. परक्या मुलखातला पायलट सड्यावर खूश होऊन उतरेल. इथला माणूस जरा थांबेल.

मग शेतं. आपले भाताचे कोपरे लहान, आणि प्रत्येक कोपऱ्याला मेर. कापणीनंतर जमीन कोरडी असते, पण चाकं पहिल्या मेरेला आपटली की पुढचं चाक मोडणार. लावणीच्या दिवसांत चिखलात चाक रुतून विमान उलटण्याचीच शक्यता जास्त. तरीही ओलं शेत मला कातळापेक्षा बरं वाटतं, कारण ते मऊ आहे. रस्ता? रस्त्यावर विजेच्या तारा असतात. वरून तार कधी दिसत नाही, खांब दिसतो, म्हणून आम्हाला शिकवतात की खांब दिसला की तार आहेच असं धरा. माडाच्या बागा नकोतच. आंब्याच्या कलमांच्या बागेत, अगदीच वेळ आली तर, दोन ओळींच्या मधे शिरायचं, पंख झाडांना द्यायचे आणि माणसं बसलेला मधला भाग वाचवायचा. पंख गेले तर जाऊ देत. विमान विम्यावर सोडायचं. हे ऐकायला सोपं आहे. पण ज्या यंत्राला हात लावायच्या आधी रोज नमस्कार करतो ते मोडायचं असं मनाशी ठरवायला काही सेकंदं लागतात, आणि अशा वेळी नेमकी तीच सेकंदं कमी असतात.

राहिली पुळण. तारकर्लीची ओहोटीच्या वेळची ओली वाळू घट्ट असते, सायकल चालवता येते हे आपण शाळेत असताना सिद्ध केलेलं आहे. वरची कोरडी वाळू मात्र चाक गिळते. म्हणजे समुद्राच्या कडेला समांतर, ओल्या पट्ट्यावर उतरायचं. जून महिन्यातल्या सकाळी, पुळणीवर चिटपाखरू नसताना, मी दुसरा विचार करणार नाही. पण डिसेंबरच्या रविवारी? तिथे शेकडो पर्यटक, लहान मुलं, रापणीचे दोर, पॅरासेलिंगवाले. इंजिन बंद असलेलं विमान आवाज न करता येतं. पोहणाऱ्या मुलाला ते मागून येतंय हे कळतही नाही. अशा वेळी मी पुळणीवर उतरणार नाही. मी पुळणीच्या बाहेर, मच्छीमारांच्या होड्यांच्या जवळ, पाण्यात उतरेन. खाली चाकं असलेलं छोटं विमान पाण्याला टेकलं की बहुतेकदा उलटतं. पण दार आधीच उघडून ठेवलं असेल आणि पट्टा कुठे सुटतो हे हाताला माहीत असेल, तर आतला माणूस बाहेर पडू शकतो. आपण हवेत जायचं ठरवलं तेव्हा धोका आपण पत्करला होता. वाळूत किल्ला करणाऱ्या पोराने तो पत्करलेला नाही. याबाबतीत माझ्या मनात कधी दोन मतं झाली नाहीत, आणि माझ्या ओळखीच्या चांगल्या पायलटांच्याही नाहीत.

आता हे सगळं ऐकून तुम्ही म्हणाल, म्हणजे सगळ्यात चांगली जागा शोधायची. तसं नाही. इथेच बाईंच्या प्रश्नाचं उत्तर सुरू होतं. आपण शोधतो ती जागा, जिथे आपला अंदाज थोडा चुकला तरी माणसं वाचतील.

न्यूयॉर्कची हडसन नदी तुम्ही सिनेमात पाहिली असेल. १५ जानेवारी २००९, कॅप्टन सलनबर्गर, एअरबस, आत १५५ माणसं. उड्डाणानंतर काही मिनिटांत पक्ष्यांचा थवा दोन्ही इंजिनांत गेला. तिथून पाण्याला टेकेपर्यंत मिळाली २०८ सेकंदं, साडेतीन मिनिटंसुद्धा नाहीत. मागे ज्या विमानतळावरून निघाले तो लाग्वार्डिया होता, पुढे टेटरबोरो नावाचा छोटा विमानतळ होता. दोन्हीकडे कंट्रोलर धावपट्टी देत होते. नंतर चौकशीत सिम्युलेटरवर करून बघितलं तेव्हा, ताबडतोब वळले असते तर काही प्रयत्नांत लाग्वार्डिया गाठता आला. पण विचार करायला, यंत्र तपासायला ३५ सेकंदं धरली, तेव्हा नाही आला. आणि समजा थोडक्यात हुकला असता तर? धावपट्टी आणि विमानाच्या मधे न्यूयॉर्क शहर होतं. नदीचं तसं नव्हतं. नदीत शंभर मीटर अलीकडे टेकलं काय आणि पलीकडे टेकलं काय, पाणी तेच. लोक म्हणतात त्यांनी धाडस केलं. माझ्या मते त्यांनी दोन धावपट्ट्यांचा मोह सोडला, ते जास्त कठीण होतं.

आपल्या देशातलं उदाहरण फारसं कुणाला आठवत नाही. १५ नोव्हेंबर १९९३. इंडियन एअरलाइन्सची एअरबस मद्रासहून हैदराबादला निघाली होती. हैदराबादला नीट दिसत नव्हतं म्हणून विमान उतरता उतरता परत वर घेतलं. त्यात पंखांचे फ्लॅप आत जाईनात. फ्लॅप बाहेर असले की विमान संथ आणि खाली उडतं आणि इंधन भसाभस पितं. तशाच अवस्थेत मद्रासला परत निघाले आणि वाटेत इंधन संपत आलं. शेवटी तिरुपतीजवळ भातशेतात ते अजस्र विमान उतरवलं. आत अडीचशेहून जास्त माणसं होती, तेलुगू सिनेमातली बडी मंडळीही होती, आणि सगळे वाचले. विमान कायमचं निकामी झालं. शेतात उतरवण्याचं कौशल्य वादातीत आहे. पण आमच्या वर्गात हे प्रकरण शिकवताना पहिला प्रश्न शेताचा नसायचा. प्रश्न असायचा, त्याच्या आधीच्या तासाभरात कुठले कुठले विमानतळ हातातून निसटले, आणि ते निसटताहेत हे कधी कळायला हवं होतं? इंधनाचा काटा खाली येतो तसा नकाशा लहान होत जातो. शेवटी नकाशावर एक शेत उरतं.

मित्रांनो, मी अजून एका गोष्टीकडे आलेलोच नाही. इंजिन बंद पडण्याचा प्रसंग माझ्यावर चौतीस वर्षांत सिम्युलेटरबाहेर आला नाही. बहुतेक पायलटांवर येत नाही. ‘कुठे उतरायचं’ हा प्रश्न मात्र दर पावसाळ्यात आला. विमान धडधाकट, इंजिनं चालू, आणि खाली पाऊस. तेव्हा त्याला कुणी इमर्जन्सी म्हणत नाही, आणि म्हणूनच तो जास्त फसवा.

जुहूच्या आमच्या क्लबात जुनी मंडळी एक किस्सा सांगायची. १९७२च्या सप्टेंबरात जपान एअरलाइन्सचं मोठं जेट सांताक्रूझला उतरायचं, ते जुहूच्या छोट्या धावपट्टीवर उतरलं आणि अर्थातच पुढे निघून गेलं. सुदैवाने कुणी दगावलं नाही. दोन विमानतळ अगदी शेजारी. अनुभवी माणसांना धावपट्टी दिसायला हवी होती, आणि एक धावपट्टी दिसली. डोळे चांगले असूनही असं होतं. मन ज्याची वाट बघत असतं ते त्याला लवकर दिसतं.

२००४च्या जुलैमधली गोष्ट. मुंबई-गोवा, संध्याकाळचं विमान. तेव्हा चिपी नव्हतं, मोपा नव्हतं, त्यामुळे सिंधुदुर्गचे निम्मे चाकरमानी दाबोळीला उतरून गाडीने घरी यायचे. दाबोळीला पाऊस धरून होता. असा पाऊस असला की निघतानाच एक दुसरा विमानतळ ठरवलेला असतो, त्याला आम्ही ऑल्टरनेट म्हणतो. त्या दिवशी मुंबईतही कोसळत होता म्हणून ऑल्टरनेट होता बंगळूर. मी एक गोष्ट नेहमी करायचो. खाली उतरायला सुरुवात करायच्या आधी कागदावर एक आकडा लिहून समोर लावायचा. एवढं इंधन उरलं की वाद न घालता निघायचं. बंगळूरपर्यंतचं, आणि तिथे अर्धा तास घिरट्या घालाव्या लागल्या तर त्याचं. आकडा आधी लिहायचा, कारण नंतर मन वकिली करायला लागतं.

पहिल्या प्रयत्नात ठरलेल्या उंचीपर्यंत काही दिसलं नाही. वर गेलो. घिरट्या घातल्या. दुसऱ्या प्रयत्नात दिवे दिसले, स्पष्ट दिसले, आणि तीन-चार सेकंदांत पावसाने पुसून टाकले. मी परत वर घेतलं. को-पायलटने कागदाकडे बोट दाखवलं. आकडा आला होता. आम्ही बंगळूरला गेलो.

बंगळूरला प्रवासी उतरत असताना एक पन्नाशीचा माणूस कॉकपिटच्या दाराशी थांबला. माझ्या अनाउन्समेंटवरून त्याने मी मालवणकडचा हे ओळखलं असणार. आवाज न चढवता म्हणाला, "साहेब, खाली दिवे दिसत होते. उतरलात कित्याक नाय?" मी म्हटलं, "दिसले, पण परत गेले." तो म्हणाला, त्याची आई सकाळी गेली होती. गावात त्याच्यासाठी थांबले होते. आता थांबणार नाहीत. एवढं बोलून त्याने बॅग उचलली आणि गेला.

आणि आम्ही निघाल्यानंतर पंधरा मिनिटांनी पावसात एक उघडीप आली आणि दुसऱ्या कंपनीचं विमान दाबोळीला व्यवस्थित उतरलं. हे मला रात्री कळलं. त्यालाही पुढेमागे कळलं असेल.

माझा निर्णय त्या उघडिपीमुळे चुकीचा ठरत नाही. कागदावरचा आकडा आला तेव्हा मला उघडीप माहीत नव्हती. पण त्या माणसाला आईचं शेवटचं दर्शन झालं नाही, हेही तेवढंच खरं. या धंद्यात हे वाटणीला येतं. परत फिरलेल्या विमानाने कुणाला काय वाचवलं याचा पुरावा कधीच मिळत नाही. कुणाचं काय हुकलं, ते मात्र समोर उभं राहून विचारतं. तरुण पायलटांना मी हे सांगायचो, कारण हे न सांगता नुसतं ‘नियम पाळा’ म्हटलं तर ते अर्धवट शिकवणं आहे.

आता कोळिकोडचं. यावर बोलायला जड जातं, पण बोललं पाहिजे. ७ ऑगस्ट २०२०, कोविडमध्ये दुबईहून माणसं परत आणणारं एअर इंडिया एक्स्प्रेसचं विमान. आत १९० जण. कॅप्टन दीपक साठे, आपला मराठी माणूस, आईवडील नागपूरला, हवाई दलात नावाजलेला अधिकारी, टेस्ट पायलट. मी त्यांना भेटलेलो नाही, पण त्यांच्याबरोबर काम केलेल्या माणसांकडून त्यांच्याविषयी वावगा शब्द ऐकला नाही. त्या रात्री २१ माणसं गेली, त्यात साठे आणि त्यांचे तरुण को-पायलट अखिलेश कुमार दोघेही होते. मी कुणाचा निवाडा करायला उभा नाही. चौकशीचा अहवाल सप्टेंबर २०२१मध्ये आला, तो सगळ्यांना वाचायला उपलब्ध आहे. त्यातून कळतं ते असं. पाऊस होता. पहिला प्रयत्न सोडून विमान वर घेतलं. कॅप्टनच्या बाजूच्या वायपरने दगा दिला होता. दुसरा प्रयत्न दुसऱ्या टोकाकडून, पाठीमागून वारा घेऊन. धावपट्टी ओली, ८,८५८ फूट लांब, आणि डोंगरमाथ्यावरची, म्हणजे संपली की दरी. चाकं टेकली ती साधारण ४,४०० फूट ओलांडल्यावर, निम्मी पट्टी मागे गेल्यावर. को-पायलटने परत वर घ्यायला सांगितलं होतं. दुसरीकडे जाण्यापुरतं इंधन होतं.

मग एवढा जाणता माणूस तिथेच का उतरला? अहवालात एक कारण सुचवलं आहे, ते वाचून माझ्या अंगावर काटा आला, कारण ते मला ओळखीचं वाटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी कोळिकोडहून त्यांचीच ड्युटी होती. विमान दुसरीकडे नेलं असतं तर सकाळचं उड्डाण अडलं असतं, आणि तिथे कॅप्टनांची कमतरता होती. म्हणजे धास्ती नव्हती की बेफिकिरीही नव्हती. कामाची ओढ होती. ‘घेतलेलं काम पुरं केलं पाहिजे’ हे शाळेत ज्यांनी आपल्याला शिकवलं ते आज इथे समोर बसलेत. सर, तुम्ही बरोबरच शिकवलंत. पण ओल्या, उंचावरच्या, पाठवाऱ्याच्या धावपट्टीला ते कळत नाही. ती धावपट्टी अशी होती, जिथे अंदाज थोडा चुकला तर माफी नव्हती. मघाशी मी नदीची आणि ओल्या शेताची गोष्ट सांगितली ती याच्यासाठी.

आणि को-पायलट. त्या काही सेकंदांत त्याने सांगितलं, आणि उपयोग झाला नाही. आपल्याकडे होडीवर तांडेल असतो. तांडेलाचं ऐकायचं ही रीत आहे आणि ती योग्य आहे. पण पाण्यात खडक दिसला आणि खलाशी ओरडला तर शहाणा तांडेल आधी सुकाणू फिरवतो, मग विचारतो काय झालं. विमानाच्या कॉकपिटमध्ये हे आणायला सगळ्या जगाला कित्येक अपघात आणि कित्येक वर्षं लागली, आणि अजूनही ते सगळीकडे पुरतं आलेलं नाही, हे माझं मत.

तांडेलांचा विषय निघालाच आहे तर २०१७ची आठवण काढतो, कारण इथल्या बऱ्याच जणांनी ती डोळ्यांनी पाहिली. ओखी वादळ नोव्हेंबरच्या शेवटी केरळ-तमिळनाडूच्या समुद्रात उठलं. तिकडच्या होड्या खोल समुद्रात गेलेल्या होत्या. डिसेंबरच्या सुरुवातीला त्यातल्या साठाहून जास्त होड्या, नऊशेच्या वर माणसं, आपल्या देवगडला येऊन लागल्या. त्यांचं घर दक्षिणेला, आणि ते आले उत्तरेला, जिथली भाषाही येत नाही अशा बंदरात. देवगडच का, हे आपल्याकडच्या कुठल्याही मच्छीमाराला विचारा. डोंगराआडची खाडी आहे, आत शिरलं की लाटा मागे राहतात, आणि तोंड असं आहे की दमलेला माणूस, उधाणलेल्या पाण्यातूनही आत येऊ शकतो. याउलट देवबागला कर्लीच्या तोंडाशी वाळूचा बांध असतो, मोठी लाट असली की तिथेच फुटते. घर शंभर मीटरवर असलं तरी अशा दिवशी त्या तोंडातून आत शिरायचं नसतं. हे आपल्या आजोबांना माहीत होतं. मला हेच शिकायला इंग्रजी पुस्तकं वाचावी लागली आणि परवाना काढावा लागला.

आता शेवटी चिपीबद्दल, कारण काल रात्री सगळ्यात जास्त चर्चा त्याचीच झाली. ९ ऑक्टोबर २०२१ला आपला विमानतळ सुरू झाला. सड्यावरची अडीच हजार मीटर धावपट्टी, आणि तिथे खड्डे नाहीत याची मी स्वतः खात्री केली आहे! पावसाळ्यात विमान येऊन परत गेलं की गावात नाराजी होते. "एवढे पैसे घालून बांधला तो कशाक?" एक सांगतो. चिपीला नाही जमलं तर मोपा जवळ आहे, दाबोळी जवळ आहे, असं नकाशावर दिसतं. पण एकाच किनाऱ्यावर एकच ढग बसलेला असतो. आपल्याकडे पाऊस धरला की बहुधा तिन्हीकडे धरतो. म्हणून पायलट इतकं इंधन ठेवतो की घाटापलीकडे, बेळगाव-हुबळीकडे किंवा त्याहून लांब जाता यावं. आणि तिथे जायचं तर ते इंधन शिल्लक असतानाच इथून निघावं लागतं. तुम्ही खाली उभे राहून बघता तेव्हा आकाश उजळलेलं असतं आणि विमान मात्र निघून गेलेलं असतं. त्या कॅप्टनसमोर कागदावर आकडा होता असं समजा. आणि विमानात कुणाची आई वारलेली असू शकते, हे तोही जाणून असतो.

गणिताच्या सरांनी मघाशी चिठ्ठी पाठवली आहे, ‘चिपीला येताना विमानातून शाळा दिसते का?’ सर, धावपट्टी पूर्व-पश्चिम आहे. पावसाळ्यात वारा पश्चिमेचा, त्यामुळे विमान बहुधा कुडाळच्या बाजूने आत येतं, तेव्हा मालवण उजव्या हाताला पण लांब राहतं आणि ढगही असतात. वारा पूर्वेचा असला, हिवाळ्यातल्या सकाळी असतो तसा, आणि विमान समुद्रावरून आलं, तर डावीकडची खिडकी मागा. आधी किल्ला दिसेल, मग तारकर्लीची पुळण, मग देवबागचं टोक आणि खाडी. शाळा झाडीत आहे, कौलं ओळखायला नजर लागेल. मला दोनदा दिसली आहे.

चहा आला आहे असं मागून खुणावताहेत. बाई, उत्तर पुरं झालं का ते चहावर सांगा.